टाचा टेकव

"टाचा टेकव."

आमच्या शाळेत नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी मुलाने सरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते हेच. बाकीच्यांना ते "हील्स डाउन, मेट" म्हणत. मूल पंजाबी असो, सोमाली असो, व्हिएतनामी असो, सर त्याला वर्गाच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करत, कानावरची पेन्सिल काढत, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरत आणि आधी त्याच्या पायांकडे बघत. मूल हमखास चवड्यांवर उभं असे.

"उंच दिसायचं नाहीये, बाळा. मोजायचंय."

मग चौकटीवर एक बारीक रेघ. रेघेपुढे मुलाचं नाव आणि नावापुढे देवनागरीत एकच शब्द: सध्या. सेंटिमीटर त्यांनी कधी लिहिले नाहीत. त्यांना "मिस्टर के" म्हणणाऱ्या मुलांना वाटे, ही मिस्टर केंची सही आहे.

मी त्या शाळेत एड म्हणून लागले, म्हणजे वर्गात मागे पडणाऱ्या मुलांजवळ बसून त्यांना वाचायला शिकवायचं काम. पहिल्या दिवशी सरांनी मलाही चौकटीला उभं केलं.

"मी मूल नाहीये, सर."

"ते दिसतंय. पण टाचा टेकव."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिला एक प्रश्न विचारणारी. सर मूळचे चिंचवडचे. तिथे आणि नंतर मेलबर्नमध्ये एका कारखान्यात त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं मापयंत्रं तपासण्यात घालवली. "काट्याला विचारायचं, बाबा रे, तू खरं बोलतोयस का," असं ते त्या कामाचं वर्णन करत. कारखाना बंद पडल्यावर पंचेचाळिशीत ते पुन्हा युनिव्हर्सिटीत गेले, आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर बसून शिक्षक झाले. सवय मात्र गेली नाही. भारतीय दुकानात भेंडी घेण्याआधी ते लिटरभर पाण्याची बाटली काट्यावर ठेवून बघत.

"सर, अजून खोटं बोलायला लागला नाही," दुकानदार म्हणायचा.

"लागेल तेव्हा मी इथेच असेन."

शाळा मेलबर्नच्या कडेच्या टार्निटमधली. काल-परवापर्यंत तिथे माळरान होतं. आता एकसारख्या घरांच्या रांगा, आणि प्रत्येक गॅरेजमध्ये पुण्याहून किंवा लुधियान्याहून आलेली, अजून न उघडलेली खोकी. इथे घर दाखवणारा एजंट किचनच्या आधी शाळेचा आकडा सांगतो. तो आकडा येतो नॅपलानमधून. तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीला देशभर होणारी ही परीक्षा. प्रत्येक शाळेचा निकाल वेबसाइटवर लागतो आणि कोणीही उठून दोन शाळांची तुलना करतो. एका शाळेतल्या अर्ध्या मुलांनी इंग्रजी घरात ऐकलेलंच नाही आणि दुसरीत घोडे बांधायला तबेला आहे, हे त्या तुलनेत सहसा कोणी वाचत नाही. मला याचा तेव्हा राग होता. आजही आहे.

आमचे आकडे खाली होते. वरच्या ऑफिसातून सुधारणेचा आराखडा मागितला गेला होता. त्यात त्याच वर्षी पद्धत बदलली: जुने दहा बँड गेले आणि चार पायऱ्या आल्या. सर्वांत वर एक्सीडिंग, मग स्ट्राँग, मग डेव्हलपिंग, आणि तळाला 'जादा मदतीची गरज'.

परीक्षेच्या आधी एका दुपारी प्रिन्सिपलनी सरांना आणि मला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. विषय होता पाचवीतल्या सईचा. सई दोन वर्षांपूर्वी परभणीहून आलेली. गणितात पुढे, पण इंग्रजी वाचताना प्रत्येक ओळीत ठेचकाळायची. तिच्या पालकांनी तिला या वर्षी परीक्षेतून काढून घेतलं तर तिला त्रास होणार नाही, असं प्रिन्सिपल म्हणाल्या. शाळेच्या सरासरीचं त्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

मला ते आवडलं, वेगळ्या कारणासाठी. आमचं घर चळवळीतलं, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर ताटं ठेवून जेवलेली मी. केशरी कागदावर मी पत्रकच काढलं होतं: मुलं म्हणजे आकडे नव्हेत, आपल्या मुलांना नॅपलानला बसवू नका. सरांनी ते झेरॉक्स मशीनशेजारी उभं राहून शेवटपर्यंत वाचलं.

"छान लिहिलंयस. आता सांग, घरी कोण राहणार?"

"सगळे."

"सगळे नाही. ज्यांची मुलं वरच्या पायरीवर येणार ते पाठवणारच. घरी राहणार सई. तू काट्यावर रागावलीस म्हणून वजनातून ती वगळली जाणार."

"मग काय, काट्याची पूजा करायची?"

"पूजा कशाला? काटा तपासायचा. आणि सगळ्यांना उभं करायचं. आत्ता शाळाच चवड्यांवर उभी आहे."

मी चिडले, पण मुद्दा मला कळला होता. आमच्याकडे वाचनाच्या जादा तासांची वाटणी याच निकालावरून होत असे. सई परीक्षेला बसली नाही, तर ती कुठल्याच पायरीवर दिसणार नव्हती. मग माझा एकही तास तिच्या वाट्याला येणार नव्हता आणि ती तशीच ठेचकाळत हायस्कूलला जाणार होती.

सईचे बाबा गोदामात फोर्कलिफ्ट चालवत. नाव काढून घेण्याच्या फॉर्मवर त्यांनी सहीसुद्धा केली होती. सरांनी त्यांना शाळेच्या गेटवर गाठलं.

"कशाला, सर? अडखळती ती. उगी पोरीची शोभा."

"अडखळते हे शाळेला कागदावर दिसू दे ना."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तर तुमच्या या खडखडणाऱ्या गाडीलाही बोलतात. विकलीत का?"

बाबा गाडीकडे बघून हसले. मग त्यांनी सईला विचारलं, "बसती का परीक्षेला?"

सई म्हणाली, "मिस्टर के म्हणतात, हील्स डाउन ठेवून बसायचं. आय डोन्ट माइंड."

फॉर्म परत घेतला गेला.

जुलैच्या थंडीत निकालाची पाकिटं घरी गेली आणि मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गहजब उडाला. कोणीतरी एक तक्ता फिरवला होता: एक्सीडिंग म्हणजे डिस्टिंक्शन, स्ट्राँग म्हणजे फर्स्ट क्लास, डेव्हलपिंग म्हणजे काठावर पास आणि शेवटची पायरी म्हणजे एटीकेटी. असा तक्ता आपल्याच लोकांना सुचू शकतो. पृथ्वीच्या कुठल्याही टोकाला गेलो तरी आपण सोबत क्लास घेऊन जातो.

शाळेने हॉलमध्ये मराठी पालकांची सभा बोलावली. एक आयटीवाले बाबा उठले. "तिसरीत माझा मुलगा देशाच्या सरासरीच्या वर होता. आता डेव्हलपिंग? म्हणजे दोन वर्षांत तुम्ही त्याला खाली आणलंत."

"डेव्हलपिंग म्हणजे नापास का हो?" मागून कोणीतरी विचारलं.

"आपला देश मी शाळेत होते तेव्हापासून डेव्हलपिंग आहे," एक आई म्हणाली. "चाललंय ना?"

हॉल हसला. मागच्या रांगेत सईचे बाबा पाकिटाची सुरळी करून बसले होते. ते हसले नाहीत. सई तळाच्या पायरीवर होती, आणि ग्रुपवरचा तक्ता त्यांनीही वाचला होता.

सरांनी विचारलं, "तक्ता कोणी केला?"

आयटीवाल्या बाबांनी थोड्या अभिमानानेच हात वर केला.

"या इकडे. या दाराच्या चौकटीला पाठ लावा." सरांनी खाली पाहिलं. "टाचा टेकवा."

ते खरोखरच चवड्यांवर होते. आता हॉल मोकळेपणाने हसला, तेही हसले. सरांनी त्यांना आपल्या वितीने मोजलं. आठ विती. मग मागच्या रांगेतून सईला पुढे बोलावलं. तिचा हात पोचेना, म्हणून खुर्ची दिली. सईच्या वितीने आयटीवाले बाबा अकरा भरले.

"वाढलात की काय?" सर म्हणाले. "अहो, वीत बदलली. माणूस तोच आहे. या वर्षी मोजपट्टी नवी आहे आणि तिच्यावरच्या खुणा वर सरकवल्यात. तुमचा मुलगा खाली गेला का, हे ती सांगत नाही. त्याला काय येतं ते मी सांगतो, उद्या वर्गात या. आणि ते एटीकेटी डिलीट करा. शेवटची पायरी हा मुलाचा निकाल नाही. ते आम्हाला दिलेलं काम आहे."

तेव्हा सईचे बाबा उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"मग माझ्या पोरीचं काम कधी सुरू करताय?"

प्रिन्सिपलनी सरांना विचारलं, ते काय म्हणाले. सरांनी शब्दाला शब्द सांगितलं, मऊ काही केलं नाही. प्रिन्सिपलनी एकदा पालकांकडे पाहिलं, एकदा खुर्चीवर अजून उभ्या असलेल्या सईकडे.

"मंडे," त्या म्हणाल्या.

सोमवारपासून रोज सकाळी, शाळा भरण्याआधी, सई आणि मी लायब्ररीत बसू लागलो. पहिलं पुस्तक मॅगपायवरचं होतं, वसंतात सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालणाऱ्या पक्ष्याचं. पहिलं पान संपायला आठवडा लागला. पुढे सई पानाच्या शेवटी न थांबता उलटून पुढे जाऊ लागली. सर दारातून चहाचा कप घेऊन जात, आत येत नसत. पुढच्या परीक्षेच्या वेळी शाळेने कोणाही पालकाला मूल घरी ठेवण्याबद्दल सुचवलं नाही. ही क्रांती नव्हे, मला माहीत आहे. पण माझ्या केशरी कागदाने एवढंही झालं नव्हतं.

सई पाचवीत होती त्याच वर्षाच्या शेवटी सर पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला गेले. मुलगा तिथे खाणीत इंजिनियर, आणि तिथल्या एका शाळेला शिक्षक मिळत नव्हता.

"एवढ्या लांब, सर?"

"तिथे जमिनीत सोनं किती हे मोजायला अख्खं गाव आहे. पोरांकडे बघायला कोणीतरी नको?"

निरोपाच्या दिवशी मुलांनी त्यांनाच चौकटीला उभं केलं. सर हळूच चवड्यांवर झाले आणि सगळा वर्ग ओरडला, "हील्स डाउन, मिस्टर के."

सुट्टी संपून शाळा उघडली, तर चौकट पांढरीशुभ्र. रंगाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. वर्गातल्या अहमदची रेघ गेली, सईची गेली, माझी गेली. मी भडकले. तक्रार लिहायला तिथून निघणार, एवढ्यात सई आली. ती आता सहावीत. तिच्यासोबत प्रेपमधली, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गातली, एक नवी मुलगी होती, दोन मापं मोठे बूट घातलेली, रडून डोळे लाल झालेली.

सईने तिला पांढऱ्या चौकटीला टेकवलं. माझ्याकडे हात पसरला. मी पेन्सिल दिली. सईने आधी बुटांकडे पाहिलं.

"हील्स डाउन, मेट."

मुलीने टाचा टेकवल्या. सईने रेघ मारली, नाव विचारून लिहिलं आणि त्यापुढे, जीभ दातांत धरून, सध्या.

मुलीने मान वळवून विचारलं, "वॉट्स दॅट से?"

"फॉर नाउ," सई म्हणाली, आणि पेन्सिल कानावर अडकवून तिला वर्गात घेऊन गेली.