बटण आधी, आवाज मग

माझा नवरा निकेत दमतो तरी कशानं, हे सासूबाईंना अजून कळलेलं नाही. "खुर्चीत तर बसून असतो," त्या म्हणतात. खरंय, बसूनच असतो. नवी मुंबईतल्या एका कंपनीसाठी घरबसल्या वेबसाइटची बटणं बनवतो. 'पुढे जा', 'रद्द करा' वगैरे आपण दाबतो ना, तीच. बटण दाबल्यावर किती दबल्यासारखं दिसावं यावर साहेबाशी सकाळभर बैठक चालते. मी आतून ऐकते आणि कपाळाला हात लावते. पण संध्याकाळी तो उठतो तेव्हा तोंड असं झालेलं असतं, जणू पेणहून उन्हात चालत आलाय.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठचं. सगळी आगरी घरं. पूर्वी मिठागरं होती, आता दारात ट्रक आहेत. निकेतची आत्या सत्यवती ही गावातली शेवटची धवलारीण. आमच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाते ती धवलारीण. पूर्वी तिच्याशिवाय आमच्यात लग्न लागायचं नाही. आता आधी डीजेवाला ठरतो, मग केटरर, आणि आत्याची आठवण झाली तर झाली.

बरं, आत्याही काही कमी हट्टी नाही. लग्न असेल तरच गाणार. शाळेच्या बाईंनी गॅदरिंगला बोलावलं, मुंबईचे कोणी अभ्यासक गाडी घेऊन आले, सगळ्यांना एकच उत्तर. "मांडव न्हाय, त धवला न्हाय." चहा पाजून वाटेला लावलं बिचाऱ्यांना.

म्हणून निकेतनं काय करावं? आत्या जिथे जिथे गायला जाई तिथल्या हळदीला हा हजर. लोक नाचायचे आणि हा आपला आत्याच्या पायाशी फोन धरून बसलेला. वर्षानुवर्षं. लोक हसायचे, मीही हसायचे. फोन भरला, लॅपटॉप भरला, तेव्हा सगळं नेऊन गावच्या मंडळाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ठेवलं. आत्याचा सगळा धवला तिथे, एका ठिकाणी. दुसरी प्रत कुठेच नाही.

मग मंडळाला हुक्की आली, गावाची वेबसाइट काढायची. काम अर्थातच निकेतच्या गळ्यात. हर्षद, आमचा चिटणीस, सभेत म्हणाला, "वर्षभर एकाच गोष्टीचं भाडं मंडळ भरेल. काय पाहिजे ते सांग."

निकेतपुढे दोन गोष्टी होत्या. एक, क्लाउडवर ऐसपैस जागा, म्हणजे आत्याचं गाणं तिथे चढवून निर्धास्त व्हायचं. दुसरं, त्याच्या धंद्याचं एक सॉफ्टवेअर. त्यात एकेक बटण, एकेक चौकट सुटी मांडून रंगवता येते, तपासता येते आणि मग साइटवर बसवता येते. निकेतनं आधी क्लाउड म्हटलं.

"अरे, पण दिसणार काय?" हर्षद म्हणाला. "उद्घाटनाला आमदार आणायचाय. त्याला काय रिकामं गोदाम दाखवू?"

सभा हसली. निकेत दिवसभराच्या बैठकांनी आधीच पिळून निघालेला. वाद घालायचं त्राण नव्हतं. आणि खरं सांगू का, त्या बटणांवर त्याचा जीवही होता. "बटणं आधी करू, आवाज मग चढवू," म्हणाला आणि घरी आला. मी घरी तोंड सोडलं, तर म्हणतो, "गाणी मंडळात आहेत ना? कुठे पळतायत?"

पावसाळ्यात मोठं उधाण आलं आणि खाडीचं पाणी अडवणारा खारबांध फुटला. पाणी शेतातून गावात, गावातून मंडळाच्या खोलीत. कॉम्प्युटर खाली जमिनीवर होता, कारण टेबलावर पोरांचा कॅरम मांडलेला! कॅरम वाचला. पेणच्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला, आतला चिखल बघितला आणि नुसती मान हलवली.

मला तर रडू आलं, इतका राग आला होता. मग निकेतनं गावात निरोप फिरवला: लग्नाचे व्हिडिओ असतील ते द्या, आत्या गायलेले. लोकांनी भरभरून दिले, त्याला कोणी नाही म्हटलं नाही. आम्ही चहा घेऊन बघायला बसलो. पडद्यावर मांडव, हळद, आत्या डोळे मिटून गातेय आणि वर वाजतंय सिनेमातलं गाणं. दुसरा लावला, तेच. आमच्याकडच्या शूटिंगवाल्यांची रीतच आहे, म्हाताऱ्यांचं गाणं रडकं वाटतं म्हणून तो आवाज काढायचा आणि झकास काहीतरी भरायचं. आम्हीच सांगतो तसं भरायला. आमच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. त्यातही तेच. निकेत आत्याच्या ओठांकडे बघत बसला होता. मला पाहवेना, मी उठून बंद केलं.

शेवटी तो आत्याकडे गेला. लग्नसराई दूर, आणि लग्न असलं तरी तिला बोलावतंय कोण? त्यानं चाचरत विचारलं, "आत्ये, तुळशीचं लग्न चालंल?"

आत्यानं खूप विचार केला. "लग्न त लग्नच हाय," म्हणाली.

झालं! अंगणात उसाचा मांडव घातला. बातमी लागली तसा सगळा बायकांचा मेळा जमला. आत्या नऊवारी नेसून तुळशीसमोर बसली. डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. अगं बाई, काय तो आवाज, अंगावर काटा आला. ओळ संपली आणि ती थांबली.

धवल्यात एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, तेव्हा पुढची येते. आत्याबरोबर झेलणारी रंगूबाई गेल्या वर्षी वारली. आत्यानं डोळे उघडून आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्याजणी फोन वर धरून उभ्या.

"झेला गो कुनीतरी," ती म्हणाली.

कोणाला येत होतं? फोन मात्र कोणी खाली घेतला नाही. आत्यानं थोडी वाट बघितली. मग पदर सावरला, "ऱ्हाऊ दे" म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. मी मागून गेले, म्हटलं मला शिकवा. "शिकवून येतो व्हय?" ती म्हणाली. "माज्या मागं मांडवात बसून येतो. तवा कुठं व्हतीस?"

निकेतनं आता पदरमोड करून क्लाउडवर जागा घेतलीय, भली मोठी. त्यात त्या एका ओळीची एकच फाइल. साइटही सुरू झाली, आमदार येऊन गेला, आणि 'धवला ऐका' हे बटण, खोटं कशाला बोलू, फार सुरेख झालंय. दाबलं की आत्याची एक ओळ येते आणि मग नुसतं आमचं गप्प अंगण. लोकांना वाटतं नेट गेलं, ते परत दाबतात. नवी मुंबईहून, दुबईहून, कुठून कुठून निरोप येतात, गाणं मध्येच थांबतंय, जरा बटण बघा.

निकेत प्रत्येकाला उत्तर देतो. बटण ठीक आहे, म्हणतो.