कासारणीकडं दिलेलं घर

जगदेवीच्या घराला पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक मास्तर, आणि गेलं ते फुटक्या ओठानं. "ही भिंत इथं खचलीय का हो?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. जगदेवीच्या नवऱ्याच्या, मडिवाळप्पाच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. "माजं घर खचलंय?" म्हणत त्यानं मास्तरांच्या तोंडावर ठोसाच ठेवून दिला. दुसरा आला तो कंत्राटदार. त्यानं मागच्या दाराची फळी जरा हलवून पाहिली, तर मडिवाळप्पानं त्याचं डोकं त्याच दारावर आपटलं. तिसऱ्याला पायताणानं बोळाच्या टोकापर्यंत पिटाळला. आता सांगा, असं कुठं घर विकतात होय?

बाळीवेशीमागचं हे दोन खणांचं घर तसं जगदेवीचं. बापानं लग्नात कागद करून तिच्या नावावर दिलेलं. पण गल्लीत कुणालाही विचारा, घर मडिवाळप्पाचं. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, मारलं म्हणून गिरणीतली त्याची नोकरी गेली, आणि अक्कलकोट रोडला दोन पॉवरलूम टाकायचं त्यानं डोक्यात घेतलं. त्यासाठी घर विकायचं. दलालबिलाल नको, मी बसलोय की, म्हणाला, कोळशानं दारावर 'घर विकणे आहे' लिहिलं आणि ओट्यावर ठाण मांडलं. जगदेवी हो म्हणाली. पण तिच्या मनात पॉवरलूम नव्हतेच. घर विकलं की अक्कलकोटला लेकीकडं, महादेवीकडं जायचं, कडक भाकरी करून विकायच्या, आणि या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, हे तिनं पक्कं केलं होतं.

आणि भिंत म्हणाल तर ती खचलेली नव्हतीच. तिथं वरवंटा बसला होता. जगदेवीनं मान वाकवली म्हणून भिंतीला बसला. दाराची फळी सैल कशानं झाली? ती आत कडी लावून बसली होती आणि हा बाहेरून लाथा घालत होता. त्या घरातली एकूण एक खोट त्याच्या हातापायांनी केलेली, आणि गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोट ठेवायचं. मग चिडणार नाही तर काय करील बापडा! गिऱ्हाईक पळालं की उरलेला राग बायकोवर निघायचा. चौथं गिऱ्हाईक गेलं त्या दिवशी त्यानं तिची दोन बोटं दारात चेंगरली. घर विकायचं काम याच्याकडं राहिलं तर आपण इथंच मरणार, हे तिला त्या दिवशी स्वच्छ कळलं.

चार दिवसांनी अंबुबाई कासारीण आली. तीस वर्षं ही बाई घरोघर बांगड्या भरत होती. कुठं भाऊ वेगळे निघणार, कुणाची खोली रिकामी होणार, हे तिला घरमालकाच्या आधी कळायचं, म्हणून बांगड्यांबरोबर ती घरांचीही दलाली करायची. जगदेवीचा सुजलेला हात तिनं हातात घेतला. या हाताला वर्षातून किती वेळा बांगड्या भराव्या लागतात आणि का, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मावशी, माजं घर तुमी विका," जगदेवी हळूच म्हणाली.

"विकते की. पण तुज्या रेड्याचं काय?"

"त्यो गिऱ्हाईक आत येऊ देत न्हाई."

"आगं खुळे, बांगड्या भरताना कुटला बाप्या आत थांबतो? मी बायका घिऊन येते. त्यातली येक घर बगंल."

झालं! मंगळवारी दुपारी पाच बायका आल्या. मडिवाळप्पा रीतीप्रमाणं उठून ओट्यावर गेला. चार बायका हात पुढं करून बसल्या आणि पाचवी, मथुराबाई, मोठ्या दवाखान्यातली नर्स, पाणी प्यायच्या निमित्तानं घरभर फिरून आली. नवरा श्रीपूरच्या कारखान्यात, त्यामुळं घराचं सगळं तीच बघत होती.

"भिंतीला हे काय झालंय?" तिनं विचारलं.

उंदरानं पोखरलंय, असं सांगायचं अंबुबाईनं पढवून ठेवलं होतं. पण जगदेवीला काय झालं कुणास ठाऊक. वीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"वरवंटा," ती म्हणाली. "मला मारल्याला."

"आणि दाराला?"

"लाथा. चुलीचा कोपरा माज्या डोक्यानं फुटलाय. ह्यो कोनाडा..."

आवाज तिच्या नकळत चढला होता. मडिवाळप्पा आत आला तो थेट अंबुबाईचा अंबाडा धरूनच. लाथेसरशी टोपली उडाली, घरभर काच. अंबुबाईला त्यानं त्या काचेवर ओढलं, तिचे तळवे रक्तानं भरले. मग बायकोचा गळा. जगदेवीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. दोघीतिघी त्याच्या हाताला लोंबकळल्या, त्यानं त्यांना झटकून टाकलं. तेवढ्यात मथुराबाईनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि नेम धरून त्याच्या उजव्या खांद्यावर घातलं. कट्ट आवाज आला. मडिवाळप्पा खाली बसला आणि लहान पोरासारखा "यव्वा, यव्वा" करून आईच्या नावानं ओरडायला लागला.

मथुराबाईनं मुसळ होतं तिथं ठेवलं. त्याच्याच उपरण्यानं त्याचा हात गळ्यात बांधला, अगदी नीट, दवाखान्यात बांधतात तसा.

"गळपट्टीचं हाड मोडलंय," ती म्हणाली. "सहा आठवडे हा हात वर उठणार नाही. जगदेवी, तेवढ्यात कागद करून टाकू. घर मी घेतलं."

जगदेवीला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण झाला खरा, चांगला पोटभर झाला.

चौथ्या आठवड्यात रजिस्टर कचेरीत तिनं कानडीत सही केली. साक्षीदार म्हणून अंबुबाईनं बरे होत आलेल्या हाताचा अंगठा उठवला. दोघी परत आल्या तेव्हा मडिवाळप्पा ओट्यावरच होता. आधी त्यानं शिव्या घातल्या. मग डावा हात उगारला, पण तोल जाऊन स्वतःच कळवळला. जगदेवीनं ट्रंक उचलली. तिच्या मागून तो पायरी उतरला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा खालच्या आवाजात बोलला.

"जगदेवी, मी कुटं ऱ्हाऊ गं आता?"

तेवढ्यानं तिला ट्रंक खाली ठेवावीशी वाटली, आणि त्या वाटण्याचा तिला भयंकर राग आला. ती चालत राहिली.

"मला इच्यारू नगा," ती मागं न बघता म्हणाली. "घरांचं अंबुमावशी बगत्यात. त्यांना इच्यारा."