‘जगायला गेली असेल’

“जगायला? म्हणजे एरवी काय मेलेले असता?”

तो असं म्हणाला आणि ऑफिसातले सगळे हसले.

पेणच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. एका बातम्यांच्या चॅनेलचा तो आमच्या भागातला वार्ताहर. रविवारची सकाळ होती. दुपारी वर्ल्ड कपची फायनल. सात-आठ जण निळे टी-शर्ट घालून खुर्च्यांवर पसरलेले होते आणि टेबलावर वड्यांचा ढीग. माझा बा दाराशीच उभा होता, त्याच्या मागे मी. आत ये असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्याशिवाय आत जायची आमच्यात सवय नाही. त्याच्या हातात सुमीचा शाळेतला फोटो होता.

सुमी माझी धाकटी बहीण. दहा वर्षांची. आश्रमशाळेत पाचवीला होती आणि दिवाळीच्या सुट्टीला वाडीवर आली होती. आदल्या दिवशी बाबरोबर रोह्याच्या बाजारात रानातले करांदे विकायला गेली. चौकात फायनलसाठी मोठा पडदा बांधत होते. ते बघायला गर्दी झाली होती आणि सुमीही बघायला गेली. बा पाटी उचलून तिच्या मागे गेला तेव्हा ती तिथे नव्हती. आम्ही रोहा पालथं घातलं. तक्रार लिहून दिली. हवालदार म्हणाला, टीव्हीवर फोटो आला तर लवकर सापडेल. म्हणून पहिल्या एसटीने पेण गाठलं.

वार्ताहराने विचारलं, “राहता कुठे?”

बा म्हणाला, “वाडीवर, साहेब. मंगलवारी जगायला जायचा होता. समदी बांधाबांध झालेली.”

आम्ही कातकरी. दिवाळी झाली की आमची वाडी रिकामी होते. कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी कोळसा पाडायला लांब. त्याला आम्ही जगायला जाणं म्हणतो. कामाला जाणं असं म्हणत नाही. इथे बसलो तर जगणार नाही, म्हणून जगायला जायचं. बाच्या तोंडी जन्मापासून हाच शब्द आहे. त्याला काय ठाऊक की पेणच्या माडीवर तो विनोद होतो.

हसणं संपल्यावर वार्ताहर म्हणाला, “अरे, मग तीच पुढे गेली असेल जगायला. तुमच्यात पोरं जातातच की. येईल पावसाळ्यात परत.”

बा गप्प झाला. तो जन्मभर गप्पच होत आलाय. समोरच्याने आवाज चढवला की तो मान खाली घालतो आणि आपलंच काही चुकलं असेल असं त्याला वाटतं. त्या दिवशी मला त्याचाही राग आला, आणि राग आला म्हणून रडू आलं. मी पुढे झाले. म्हटलं, “साहेब, ती दहा वर्षांची आहे. ती एकटी कुठे जात नाही. तिला हरवली म्हणा.”

त्याने मला खालून वर पाहिलं. “शिकलेली दिसतेस.”

“दहावी. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात असते.”

त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, पाझर फुटला. तो कॅमेरावाल्याला म्हणाला, “हे बरं आहे रे. आदिवासी मुलगी, गालावर झेंडा. मुंबईला आवडेल.” मग मला म्हणाला, “मॅचसाठी एक बाइट दे. इंडिया जिंकणार, एवढंच बोलायचं. तू हे दे, तुझं मी लगेच पुढे पाठवतो.”

दोन निळ्या टी-शर्टवाल्यांनी माझ्या गालावर रंग ओढले. मला कोणी विचारलं नाही. हातात झेंडा दिला. मी म्हटलं, इंडिया जिंकणार. तो म्हणाला, “अशी सुतक असल्यासारखी काय बोलतेस? हसून बोल.” मी पुन्हा बोलले. “दात दिसू देत.” मी दात दाखवले. बा दारात फोटो धरून उभा राहून हे बघत होता.

मग त्याने मोबाइलमध्ये सुमीच्या फोटोचा फोटो काढला, टेबलावरच ठेवून, वड्यांच्या कागदाशेजारी. नाव विचारलं नाही. “पाठवतो,” म्हणाला. गरज सरो वैद्य मरो.

पेणच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्ही होता, आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो. आत बसलो असतो तर काहीतरी मागवावं लागलं असतं. टीव्हीवर एका खेळाडूचा घोटा चालला होता. घोटा दुखत होता म्हणे. घोट्याचा फोटो, त्यावर लाल गोल, बाण. एक डॉक्टर घोट्याबद्दल बोलला, मग दुसरा डॉक्टर पहिल्यापेक्षा वेगळं बोलला. एका बाईने घोट्यासाठी नवस केला होता, तिचीही मुलाखत झाली. आणि मग मी आले. गालावर झेंडा, दात बाहेर. खाली लिहिलं होतं, ‘आदिवासी पाड्यावरही जल्लोष’. थोड्या वेळाने परत मीच. मी खालच्या धावत्या पट्टीकडे डोळे लावून उभी होते की निदान तिथे तरी येईल, रोह्यातून मुलगी बेपत्ता, चार शब्द. पट्टीवर पिचबद्दल येत होतं, दवाबद्दल येत होतं, कुठल्याशा शहरात फटाके संपल्याचं येत होतं. सुमी आली नाही.

वाडीवर परतलो तेव्हा खालच्या गावातल्या कोणीतरी आईला मोबाइलवर मला दाखवलं होतं. ती ओरडली नाही. पदराला थुंकी लावून तिने माझा गाल पुसला, फार जोरात, कातडी सोलून निघेल इतक्या जोरात. मग आत जाऊन पडली. माझ्याशी ती बरेच दिवस बोलली नाही. मी तिला दोष देत नाही.

पुढच्या आठवड्यात मी फोटोच्या झेरॉक्स काढून रोहा स्टेशनवर लावत होते. मंगळवारी जायचं होतं ते राहिलंच. कामावर नेणारा मुकादम येऊन शिव्या घालून गेला. फलाटावर एक चाचा पाव-आम्लेट विकतात. मी त्यांच्या गाडीला कागद चिकटवायची परवानगी मागितली. त्यांनी कागद हातात घेतला. चष्मा लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“ही पोरगी इतवारी हितंच बसलेली,” ते म्हणाले. “मॅच चाललेली तवा. एका बाईबरोबर. रडत व्हती. मी पाव दिला तिला. बाई बोलली, भाची हाय, आईची आठवण येते. मंग गोव्याकडची गाडी आली, तीत गेल्या.”

मी खाली बसले. त्यांनी पाणी दिलं आणि तसेच माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“तू तीच ना गो, टीव्हीवरची? तोंडाला झेंडा लावलेली?”

मी मान हलवली.

“माझ्या मोबाइलवर दिसभर तुला दाखवत व्हते. हिला येकदा जरी दाखवली असती ना, तर त्या बाईला मी गाडीत चढू दिली नसती.”

ते रडले. परके होते, पण रडले. आम्ही दोघं मिळून पोलिसांत जाऊन सगळं सांगून आलो. लिहून घेतलं गेलं. पण गाडी कधीच गेली होती, आणि बाईचं नाव गाव काहीच कोणाला ठाऊक नव्हतं.

तिथून मी सरळ पेण गाठलं. एकटी. माडीवर चढले. वार्ताहर मोबाइल बघत होता. इंडिया हरल्यामुळे त्याचा चेहरा अजून सुतकीच होता. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, ही रोहा स्टेशनवर दिसली होती, आता तरी दाखवा.

त्याने कागदावरची तारीख पाहिली. “हे तर जुनं झालं. बातमी ताजी असताना यायचं ना.”

“आले होते.”

“कधी?”

त्याने मला ओळखलं नव्हतं. नाटक नव्हतं ते. खरंच ओळखलं नव्हतं. ज्या तोंडावर त्याने झेंडा ओढला, ज्या तोंडाला हसायला लावलं, ते तोंड त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. त्याने नाही म्हणून हाकललं असतं तर मी बासारखी मान खाली घालून जिना उतरले असते, कदाचित जन्मभर उतरत राहिले असते. पण तो मला विसरला होता. त्या क्षणी माझ्यातली भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं ते अजून आहे. त्याला मी सूड म्हणते. चांगली माणसं म्हणतात असा शब्द वापरू नये. त्यांच्या बहिणी घरी आहेत.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी तो जोह्याला आमच्या कारखान्यात आला. ‘बाप्पा निघाले परदेशी’ असं काहीतरी दाखवायचं होतं. आम्ही बायका रंगकाम करत होतो. मालक नवा शर्ट घालून उभा. वार्ताहर कॅमेऱ्यासमोर गोड गोड बोलत आमच्या ओळीतून चालत आला आणि माइकचा दांडका माझ्या तोंडापुढे धरला. “ताई, बाप्पाला रंगवताना काय वाटतं?”

ताई. मी विचारलं, “हे आत्ता दिसतंय का सगळ्यांना? लाइव्ह आहे?”

“हो, हो, लाइव्ह. बोला.”

मी बोलले. “माझी बहीण सुमी रोह्यातून हरवली. फायनलच्या दिवशी मी तिचा फोटो घेऊन या माणसाकडे गेले. याने माझ्या गालावर झेंडा काढला आणि मला हसायला लावलं. बहिणीचा फोटो दाखवला नाही. त्याच दिवशी तिला कोणीतरी गाडीत घालून नेलं.”

त्याने दांडका मागे ओढला. मी त्याचं मनगट धरलं. माझ्या हाताला रंग होता, त्याच्या पांढऱ्या बाहीला लागला. त्याच्या कानात मुंबईहून कोणीतरी ओरडत असणार, कारण त्याचा चेहरा पडत चालला होता. कॅमेरा बंद झाला. मालक म्हणाला, “गो बाय, माझा धंदा बुडवशील तू.” दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाला. बरं म्हटलं. शेजारच्या चार बायकाही हात धुऊन माझ्याबरोबर निघाल्या. त्यांना मी सांगितलं नव्हतं.

चॅनेलवाल्यांनी नंतर काहीच दाखवलं नाही. पण तो मला आता ओळखतो. चांगला ओळखतो.

नागोठण्याला अंबा नदीचं पाणी शिरलं, तो गुडघाभर पाण्यात उभा राहून बोलत होता. त्याच्या मागे मी सुमीचा फोटो धरून उभी. पेणला पुढारी आले, मी तिथे. रोह्याला रस्ता खचला, मी तिथे. तो कॅमेरा फिरवतो, मी फिरते. त्याने माझ्यावर तक्रार केली. पोलिसांनी मला बोलावून समज दिली. मी समज घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत उभी राहिले. परवा त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, “किती दिवस सूड घेणार माझ्यावर?” मी म्हटलं, सुमी येईपर्यंत. ती नाही आली तर तू मरेपर्यंत.

एकटी होते तेव्हा तो हसायचा. आता वाडीवरची पोरं, बाया येतात. बासुद्धा येतो. तो अजून बोलत नाही, पण मान वर करून उभा राहतो. आमच्या चार-पाच वाड्यांनी ठरवलंय की कोणी बाइट देणार नाही. पुराचा नाही, सणाचा नाही, झेंड्याचा तर नाहीच.

आणि पुन्हा फायनल येणारच आहे. रोह्याच्या चौकात पुन्हा पडदा बांधतील. त्या दिवशी आम्ही पडद्यासमोर उभे राहणार आहोत, सगळे, खांद्याला खांदा लावून, लोकांकडे तोंड करून. एक बॉल दिसू देणार नाही. लोक शिव्या देतील. मग मारतील. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मारतील गो तुला.” मी म्हटलं, मारू देत. पोर हरवली तर कॅमेरा येत नाही. मॅच अडवली तर येतो. तेव्हा मॅच अडवायची.

आईने पदर खोचला. म्हणाली, “मंग मी फुडं उभी ऱ्हाते.”