जाकिटावरचा पेरू

पोलीस लाइनीसमोर माझं शिलाईचं दुकान आहे. चिंध्या रोज झाडते, पण किस्से काही झाडून निघत नाहीत. चिकटूनच राहतात!

त्यातले बरेचसे करमाडच्या शिंदेभाऊंचे. हवालदार, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली.

*

पूर्वी माझ्याकडे खाकी पँटी यायच्या, कंबर सैल करायला. मग दंगलीचं नवं सामान आलं. हेल्मेट, ढाल, गुडघ्याला कवच, अंगात जाड जाकीट. सगळ्यांना एकच माप!

शिंदेभाऊ ते घालूनच दुकानात आले. "ताई, पोटात जरा सैल करता का?"

"भाऊ, आत प्लास्टिकच्या फळ्या हायत. त्यापेक्षा पोटच आत घ्या!"

*

मैदानावर सराव होता. निम्मे पोलीस, निम्मे खोटे दंगेखोर. शिंदेभाऊंच्या वाट्याला दंगेखोराचं काम आलं. ढाली घेऊन जवान धावून आले, तसे हे मटकन खाली बसले.

"पळा की!" साहेब ओरडले.

"गुडघा दुखतोय, साहेब."

"दंगेखोराचा गुडघा दुखत नसतो!"

"दुखतो साहेब. मी लई जण पकडलेत!"

*

हा किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. चौकात दौलताबादचे पेरू विकणारी आपा बसते. संध्याकाळी तिची टोपली डोक्यावर चढवून द्यायची ती शिंदेभाऊंनीच. पंधरा वर्षांचा रिवाज.

मग शहरात तणाव झाला, चौकात बंदोबस्त लागला. पहिल्या दिवशी भाऊ तसेच, हेल्मेट-जाकिटासकट, टोपली उचलायला वाकले. आपा टोपली टाकून पळाली!

भाऊ ती टोपली घेऊन माझ्या दुकानात येऊन बसले.

"मला भ्याली, ताई. मला!" मग म्हणाले, "जाकिटाखाली नावाची पट्टी दिसत नाय. वरून मोठं नाव शिवून द्या."

"भाऊ, आपाला वाचता कुठं येतं?"

ते टोपलीकडे बघत राहिले. मी हिरव्या कापडाचा तुकडा शोधायला उठले.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रांगेतच विचारलं, "हे काय?"

"पेरू, साहेब."

"सरकारी जाकिटावर?"

"आपाला वाचता येत नाय, साहेब."

"उद्या सकाळी हे निघालेलं पाहिजे!"

संध्याकाळी चौकात तशीच रांग उभी होती. सगळे सारखे, काचेआड चेहरे. आपाची टोपली मी सकाळीच तिला पोचवली होती, आता दुकान लवकर बंद करून मुद्दाम बघायला गेले होते. आपा भीत भीत एकेकाच्या छातीकडे बघत आली. पेरूपाशी थांबली. कापडावरून बोट फिरवलं.

"कल किधर था रे? चल, टोकरी उठा!"

शिंदेभाऊंनी ढाल शेजाऱ्याकडे दिली आणि टोपली उचलली. साहेब बघत होते.

सकाळी एक शिपाई जाकीट घेऊन दुकानात आला. मी जड मनानं कात्री घेतली, पेरू उसवायला. जाकीट उलटंसुलटं केलं, तर पेरूच नाही!

"काकू, हे साहेबांचं हाय," शिपाई म्हणाला. "विचारलंय, सीताफळ जमंल का?"