आवडाकाकीची बदली

पहिल्यांदाच सांगतो, भूतखेत मानणाऱ्यांतला मी नव्हतो. गावात कोणाला झपाटलं, कोणाला चकवा लागला असं कानावर आलं की त्याची टर उडवण्यात मी सगळ्यांत पुढे. हे सदर मी बरीच वर्षं वाचतोय, पण माझा अनुभव लिहायचं धाडस होत नव्हतं. आई असेपर्यंत तर शक्यच नव्हतं. गेल्या वर्षी ती गेली. आता लिहिलं तर लाज फक्त माझीच जाणार आहे.

दापोली तालुक्यात केळशीच्या खाडीला लागून आमची वाडी. नाव मुद्दाम देत नाही. पंचवीस-तीस घरं, पुढे खाडी, मागे कातळाचा सडा. पलीकडे बाजाराला जायचं तर दोन वाटा — एक सड्यावरून लांबचा वळसा, दुसरी ओहोटीला खाडी पायी ओलांडून. त्या जागेला आम्ही 'उतार' म्हणतो. ओहोटीला पाणी मांडीपर्यंत. भरती लागली की तिथेच माणूस बुडतो.

साल १९८६, वैशाख महिना. मी चोवीस वर्षांचा होतो. त्याआधी मुंबईत गिरणीत 'बदली' होतो. तरुण वाचकांना हा शब्द माहीत नसेल. कायम नोकरी नाही, हातात नुसता बदली पास. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं. कोणी खाडा केला तर त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर घरी. आमच्या वाडीतला प्रत्येक दुसरा पुरुष कधी ना कधी त्या गेटवर उभा राहिलेला. त्यामुळे हा शब्द लहान पोरींनासुद्धा ठाऊक. संपानंतर गिरणी सुटली आणि मी गावी येऊन बसलो.

माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, बोटीवर खलाशी होते. सिंगापूर, हाँगकाँग असं फिरायचे. त्यांनी टीव्ही आणि व्हीसीआर आणून आमच्या पडवीत ठेवला होता. दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार करायचा की झालं थिएटर. हिंदी कॅसेटी बघून बघून घासल्या होत्या. एक कॅसेट मात्र कोणी लावलेली नव्हती, कारण तिच्यावरचं नावही चिनी आणि आतलं बोलणंही चिनी.

एका मंगळवारी बायकांनी हट्ट धरला — तीच लाव. मी म्हटलं, लावतो, मी गोष्ट सांगतो. मला चायनीजचं अक्षर येत नव्हतं. पण हातात वेताची काठी घेऊन टीव्हीशेजारी उभं राहायचं आणि पडद्यावर जे दिसेल त्याची मराठीत गोष्ट बनवायची, हे माझं ठरलेलं. हिंदी पिक्चरचंही मी तसंच करायचो. लोकांना पिक्चरपेक्षा माझं सांगणं आवडायचं आणि मला त्याची घमेंड होती.

पिक्चर भुताचा निघाला. जुन्या काळच्या चिनी अंमलदारासारखा लांब झगा आणि गोल टोपी घातलेली प्रेतं, हात पुढे ताठ, आणि दोन्ही पाय जोडून उड्या मारत चाललेली. कपाळावर पिवळा कागद चिकटवलेला. बायका भिण्याऐवजी हसायला लागल्या.

"ह्यो त आमच्या दिरावानी चालतोय. शनवारी बाजारातना पिऊन येतो तवा!"

"कपालाला काय चिकाटलाय रं त्येच्या?"

"टपालाचं तिकीट, वहिनी," मी म्हटलं. "नाहीतर पोस्टमन वर घेत नाही."

पडवी खदखदून हसली. मी रंगात आलो.

मग चित्र बदललं. एक नदी, काठावर लव्हाळा. पाण्यातून एक तरुण वर आला. पांढरा फटक, केसांतून पाणी निथळतंय. तो काठावर बसला आणि वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहिला. काही बोलेना. हसणं बंद झालं.

"ह्यो कोन रं सुऱ्या?" कोणीतरी विचारलं.

आमच्याकडे बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो म्हणतात. मी म्हटलं, "हा गिऱ्हा. नदीत बुडालेला. बिचाऱ्याला सुट्टी नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी पाण्यात आला तरच हा सुटणार. तोवर पाळी चालूच. बदलीची वाट बघत बसलाय."

शब्द तोंडातून निघाला तेव्हा मला इतका बरोबर बसलेला वाटला की मी तो पुन्हा म्हटला. "बदली मिळाली पाहिजे!"

पडवीत कोणी हललं नाही. मला वाटलं, काय मस्त रंगवलं आपण.

दाराशी आवडाकाकी बसली होती. तिला मी विसरलो होतो असं म्हणणार नाही. मला ती दिसत होती. तरी मी बोललो.

आवडाकाकी आमची भावकीतली, विधवा. तिचा एकुलता दत्ताराम माझ्याबरोबर त्याच गिरणीत बदली होता, एका गेटवर आम्ही उभे राहिलेलो. दोन वर्षांपूर्वी शिमग्याला तो गावी आला, पालखी नाचवली आणि तिसऱ्या दिवशी उतारावर भरतीत सापडला. देह मिळाला नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, दुपारपर्यंत ताटकळून शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. तेव्हापासून काकी कोणाशी फारसं बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत व्हीसीआरचं हेड पुसत बसलो होतो. काकी परडीत कोकमाचे रातांबे घेऊन आली.

"आयेला दे. आगळ कर म्हनावा."

"ठेव गो तिथं."

ती गेली नाही. खांबाला धरून उभी राहिली. "सुऱ्या, वायच इचारू?"

"विचार की."

"काल तू बोल्लास ती बदली... ती कोनाचीय चालते? बाईमान्साची?"

मी वर बघितलंसुद्धा नाही. हातात कापूस होता, स्पिरीट उडून जाईल याची घाई होती. आणि मला विनोद सुचला होता.

"बदलीला कोण काय विचारतो, काकी? गेटवर उभा राहील तो आत."

"म्हातारा मान्सू आसला तरी?"

"वय कोण बघतंय! पास असला की झालं. फक्त वेळेवर यायला पाहिजे."

"येळंवर," ती म्हणाली. "आनी जो सुटतो, तो खय... कुठं जातो रं?"

"घरी जातो. पाळी सुटली की माणूस कुठे जातो?"

ती हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. "बेस," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

एवढंच बोलणं. मी ते हजारो वेळा मनात पुन्हा केलंय. प्रत्येक वेळी वर बघतो आणि म्हणतो — काकी, अगं ते सगळं मी बनवून सांगितलं. तेव्हा हे खरं सांगायला मला एक क्षण लागला असता.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास भरती चढत असताना पलीकडच्या होडीवाल्याने तिला उतारावर बघितलं. नेसूचं चांगलं लुगडं, कपाळ स्वच्छ पुसलेलं. त्याला वाटलं, कालवं काढायला आली. त्याने ओरडून सांगितलं, "काकी, भरती हाय, मागं व्हा!" तिने हात वर केला. आलेच, असा. पुन्हा बघितलं तर तिथे पाणीच होतं.

संध्याकाळी कांदळवनात देह मिळाला. बायकांनी लुगडं सोडलं तेव्हा कनवटीला रुमालात गुंडाळलेला दत्तारामचा बदली पास निघाला. भिजून त्याचा फोटो गेला होता. लोक म्हणाले, पोराची आठवण म्हणून जवळ बाळगत असेल. आई माझ्याकडे बघत होती. तिने काकीला आमच्या पायऱ्या उतरताना बघितलं होतं. "काय बोलत व्हती रं?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. रातांबे दिले."

दहाव्याला काकीच्या पुतण्याने खाडीकाठी दोन पिंड ठेवले — एक काकीचा, एक दत्तारामचा. भटजी मागे सरले नाहीत तोच कावळा आला आणि दत्तारामचा पिंड उचलून गेला. दोन वर्षांपूर्वी न शिवलेला. काकीच्या पिंडाकडे मात्र एकही कावळा फिरकला नाही. उन्हं डोक्यावर आली, पुतण्याने हात जोडून घर सांभाळीन म्हटलं, गोठा सांभाळीन म्हटलं... नाही. पुन्हा दर्भाचाच कावळा करावा लागला.

मी स्वतःला समजावत होतो. कावळा पक्षी आहे, त्याला भूक असते नाहीतर नसते. आणि ती बदलीची गोष्ट तर माझ्याच डोक्यातली. खोट्या गोष्टीपायी एक बाई गेली, हे पाप मोठंच, पण निदान गोष्ट खोटी आहे... या एका आधारावर मी चार महिने काढले.

मग भाऊजी बोटीवरून आले. मी त्यांना सहज विचारल्यासारखं केलं, "भाऊजी, त्या चिनी कॅसेटमधला तो नदीतला पोरगा, त्याची काय भानगड?"

"तो होय? आमच्या बोटीवर हाँगकाँगचा कुक होता, त्याने समजावलं होतं. त्यांच्यात तसं मानतात. बुडालेला माणूस पाण्यातच अडकतो. त्याच्या जागी दुसरा बुडाला की मगच तो सुटतो. मग तो दुसरा तिथे वाट बघत बसतो." त्यांनी विडी पेटवली. "आपल्या गिरणीतल्या बदलीसारखं."

भाऊजी म्हणाले, "काय रे, तोंड का पडलं तुझं?"

ज्या भाषेतला एक शब्द मला येत नाही, त्या लोकांची समजूत माझ्या तोंडून जशीच्या तशी कशी आली? मी तर थट्टा करत होतो.

त्या आश्विनात, अमावस्येच्या उधाणाला, भर दुपारी मी उतारावर गेलो. कशाला गेलो ते स्पष्टच लिहितो. काकीला बदली द्यायला. पाणी ओसरत होतं, ओढ सगळी समुद्राकडे होती. छातीएवढ्या पाण्यात पाय सुटले आणि मी खाली गेलो. नाकातोंडात खारट चिखल. धडपड करायची नाही असं ठरवलं होतं, तरी हात आपोआप हलत होते.

तेवढ्यात पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहात टेकला. माणसाचा. लव्हाळा नाही, फांदी नाही, पाच बोटं मला वेगवेगळी कळली. त्या हाताने मला ढकललं. सावकाश नाही... रागाने. दारात घुटमळणाऱ्या पोराला घराबाहेर हाकलतात तसं. पुढचं कळलं तेव्हा मी चिखलात पालथा होतो, ज्या काठावरून उतरलो त्याच काठावर, पण वरच्या अंगाला. ओहोटी समुद्राकडे ओढत होती आणि मी सापडलो उलट्या बाजूला. पोहता येणाऱ्या कोणालाही विचारा, असं होत नाही.

मी तसाच ओरडलो, "काकी, मी आलोय गो! माझी वेळ झालीय!" खाडीवरून काही आलं नाही.

त्याला आज एकोणतीस वर्षं झाली. या एवढ्या वर्षांत आमच्या उतारावर एकही माणूस बुडालेला नाही. आधी दोन-तीन वर्षांत एखादा जायचाच. होडी उलटली, माणसं काठाला लागली. एकदा वाडीतला एक जण दारू पिऊन भरतीत शिरला आणि कातळावर बसलेला सापडला. शिव्या घालत होता. "पान्यात म्हातारी हाय कोन, आनी लय मारते रांड!" लोक पोट धरून हसले. मी घरी येऊन दार लावून घेतलं.

आता गावकरी म्हणतात, खाडीवर देवीची कृपा आहे. नारळी पौर्णिमेला तिथे नारळ देतात, बाया ओटी भरतात. मीही रांगेत उभा राहतो. मला एकट्याला ठाऊक आहे की तिथे देवी नाही. तिथे एक बाई पाळीवर आहे. तिला पोरासाठी पाण्यात उतरता आलं, पण दुसऱ्या कोणाच्या पोराला ओढता येत नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. मलासुद्धा तिने घेतलं नाही, ज्याला घ्यायचा तिला हक्क होता.

यंदा वैशाखात गेलो होतो. उतारावर आता पायऱ्या बांधल्यात; गुडघे दुखतात म्हणून पाण्यातल्या पहिल्या पायरीपर्यंतच उतरलो. जे एकोणतीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते मोठ्याने सांगितलं. पाण्याने मला हळूच एक पायरी वर सरकवलं. बोट जात नव्हती, वारा नव्हता.

याचा खुलासा मला करता आलेला नाही. भटजींना विचारलं, एका प्राध्यापकांना विचारलं, दोघांनीही विषय बदलला. म्हणून इथे विचारतो. तुमच्यापैकी कोणाला यातलं काही कळत असेल तर मला भूत होतं की भास, हे सांगू नका. एवढंच सांगा, जी कोणालाच घेणार नाही, ती सुटते कशी?