दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल

आमच्या म्हशीचे आणि माझे रिपोर्ट एकाच आठवड्यात आले आणि दोघांचेही नॉर्मल आले.

तरीही म्हैस दूध देत नव्हती आणि मला जेवण जात नव्हतं. माझं बीपी मात्र चढलं होतं. म्हशीचं कोणी मोजलं नाही.

म्हशीचं नाव शेवंती. मखमलाबादच्या मळ्यात आम्ही जन्मभर शेवंतीची फुलं पिकवली, त्यावरून माझ्या बायकोने, मंदाने, ठेवलेलं. आता मळ्याला चारी बाजूंनी बिल्डिंगींनी घेरलंय आणि मधे आमचं घर, गोठा आणि मेथीचे वाफे तेवढे उरलेत. शेवंतीचं पारडू जन्मल्या जन्मल्याच गेलं. पारडावाचून म्हैस सहसा पान्हवत नाही, पण मंदा कासेजवळ बसली की शेवंती निमूट दूध सोडायची. दिवाळीनंतर मंदा गेली. सकाळी धार काढून आली, बरं वाटत नाही म्हणाली, आणि गेली. त्या दिवसापासून मी रोज कासेजवळ बसायचो आणि शेवंती मान वळवून माझ्याकडे असं बघायची, जणू मी चुकीच्या घरात शिरलोय.

माझा मुलगा दीपक पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहतो. गुणी पोरगा. तो म्हणाला, "अण्णा, दूध कासेत राहून तिला दगडी होईल, कास सुजून दगडावानी होईल. विकून टाकू. आन् तुम्ही माझ्याकडं या. रविवारी व्यापारी घेऊन येतो."

फ्लॅट चांगला आहे. लिफ्ट आहे. पण मंदाला सकाळ-संध्याकाळ भेटलेलं, माझ्याशिवाय उरलेलं या घरातलं एकमेव माणूस म्हणजे ही म्हैस! ती गेली तर मी मंदाबद्दल बोलणार कोणाशी? मला फार एकटं वाटत होतं, हे सरळच सांगतो.

म्हणून गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरुण पोरगी, हातभर मोजा चढवून आली.

"मॅडम, पान्ह्याचं इंजेक्शन देऊन टाका ना."

"त्याचं नावही काढू नका काका, बंदी आहे. आणि ती आजारी नाहीये, रिपोर्ट नॉर्मल आहेत. धार कोण काढायचं?"

"आमची ही."

"कुठल्या बाजूला बसायच्या? काय नेसायच्या? तिच्याशी बोलायच्या का?"

मी चाटच पडलो. माझ्या डॉक्टरांनी माझं रक्त, लघवी, छाती, सगळं तपासलं होतं. घरात आता कोण असतं, हे विचारायचं राहून गेलं होतं. (मीही सांगितलं नव्हतं. म्हैस निदान दूध बंद करून सांगते.)

"काकूंची गोठ्यातली साडी आहे का? न धुतलेली?"

होती. खुंटीवरच होती. सुनेने दोनदा धुवायला मागितली, दोन्ही वेळा मी तिच्यावर खेकसलो होतो.

"अंगावर घ्या आणि बसा," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी साडी खांद्यावर टाकून बसलो. शेवंतीने ती हुंगली, लांब श्वास सोडला आणि दूध काही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पायजम्यावरून नेसलो. तिसऱ्या दिवशी डोक्यावरून पदरही घेतला. (साडी नेसणं सोपं असतं असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. निऱ्या नावाचा प्रकार माणसाचा अहंकार उतरवायलाच काढलेला आहे.) समोरच्या बिल्डिंगमध्ये गॅलऱ्यांचे दिवे लागले आणि लोक बाहेर येऊन उभे राहिले. इतकी वर्दळ त्या गॅलऱ्यांत मी कधी पाहिली नव्हती.

शनिवारी उठताना निऱ्या पायात आल्या, मी शेणात बसलो आणि बादली गडगडत गेली. वैतागून माझ्याच तोंडून निघालं, "एक म्हणून गोष्ट धड येत नाही या माणसाला!"

शेवंतीचे कान हलले.

हे मंदाचं वाक्य होतं. धार काढता काढता ती माझी गाऱ्हाणी शेवंतीला सांगायची, मला ओट्यावर ऐकू जाईल अशा बेताने. मी बादली उचलून आणली, आवाज बारीक केला आणि सुरुवात केली. "बसलेत बघ महाराज पेपर घेऊन. चहाचा कप जागचा उचलतील तर शपथ!"

पहिली धार बादलीत वाजली. मी भराभरा आठवत गेलो. माझं घोरणं, ओला टॉवेल, तिच्या भावाच्या लग्नातला माझा रुसवा. जसजसा मी स्वतःला बोल लावत होतो तसतशी बादली भरत होती. शेवटी माझं वाईट वागणं संपलं, तेव्हा कुठे दूध संपलं.

रविवारी सकाळी मी पदर घेऊन रंगात आलो होतो, इतक्यात मागून व्यापाऱ्याचा आवाज आला.

"आई, मालक हायेत का घरी?"

मी मागे न बघता, त्याच आवाजात, त्याच भरात म्हणालो, "बसले असतील पेपर घेऊन. दुसरं काय येतंय त्यांना?"

वळून पाहिलं तर व्यापाऱ्याच्या मागे दीपक उभा होता. हसेल, रागावेल, डॉक्टरकडे नेईल असं वाटलं. तो येऊन पेंडीच्या पोत्यावर बसला. बादलीत डोकावला.

"अण्णा," तो म्हणाला, "चष्म्याचं राहिलं. कपाळावर चष्मा ठेवून घरभर शोधता, ते आई रोज सांगायची."

मी तेही सांगितलं. आणखी पावशेर निघालं. व्यापारी दीपकला म्हणाला, "दूध तर लय देती की. मंग इकता कशाला?" दीपक म्हणाला, "नाय विकायची." त्या दिवशी तो जेवायला थांबला, आणि मी चार भाकरी खाल्ल्या.

महिन्याभराने बीपी उतरलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय बदल केलात?"

"सकाळ-संध्याकाळ बोलणी खातो."

"कोणाची?"

मी विषय बदलला.

गेल्या आठवड्यात साडी गोठ्याच्या दारात अडकून फाटली. शिवायला टाकली आणि घाबरत घाबरत नुसत्या बनियनवर बसलो. तोंडातून शब्दही काढला नाही. शेवंतीने मान वळवून पाहिलं आणि दूध सोडलं.

मॅडमना फोन केला. त्या खूश झाल्या. "छान झालं काका! तिने तुम्हाला स्वीकारलं. आता साडी बंद केली तरी चालेल."

"म्हशीची बंद केली मॅडम," मी म्हणालो. "दुसऱ्या पेशंटचा कोर्स अजून पुरा व्हायचाय."