परिपाठातलं चांगलं काम

आमची शाळा न्हावऱ्याच्या पुढे, उसाच्या फडांमधल्या एका वस्तीवर. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. एक मुख्याध्यापक सर, दुसरी मी. मी शिरूरहून स्कूटीवर येते. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, ओढ्यापलीकडे त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहतात आणि आमच्या पटावर आठ-दहा मुलं वाढतात. उन्हाळा लागला की ती निघून जातात. ही मुलं आपण होऊन येत नाहीत, कोपीवर जाऊन आणावी लागतात. त्या वर्षी तिसरीत अशीच एक मुलगी आणली होती. तिच्यासाठी मी चार फेऱ्या मारल्या होत्या, त्यामुळे ती टिकली पाहिजे असा माझा हट्टच होता.

वस्तीवरची मुलं वाईट नाहीत, हे मी दर पालकसभेत सांगते. तरी त्यांनी आठवड्याच्या आत तिचं नाव ‘कोपी’ पाडलं. तिच्याशेजारी बसायची वेळ आली की नाक धरायचं, तिच्या चपला पाण्याच्या टाकीमागे फेकायच्या, खिचडीच्या रांगेत तिला शेवटी ढकलायचं. यात सगळ्यात पुढे होती आमच्या वर्गातली हुशार मुलगी. जिचं अक्षर मी सगळ्यांना दाखवत असे, तीच.

मी आधी ओरडले. मग मोबाइलवर पाहिलेला एक धडा घेतला: कागद चुरगाळायचा, पुन्हा सरळ करायचा आणि बघायचं, सुरकुत्या जातात का. दुखावलेलं मनही असंच असतं, असं समजावलं. मुलांनी अगदी मनापासून कागद चुरगाळले. मधल्या सुट्टीत चपला पुन्हा टाकीमागे.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. सकाळच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या असं ठरलेलं असतं. त्यात मी एक भर घातली, ‘कालचं चांगलं काम’. ज्यानं कुणाला मदत केली असेल त्यानं हात वर करायचा आणि पुढे येऊन सांगायचं. ज्याला मदत झाली त्यानं जागेवर उभं राहायचं. मग सगळ्यांनी ठेक्यात टाळ्या वाजवायच्या.

चार दिवसांत शाळेचा नूरच पालटला. चपला जागच्या जागी राहू लागल्या. कुणी तिला पेन्सिल दिली, कुणी शेंगदाण्याचा लाडू, कुणी रांगेत पुढे घेतलं. हुशार मुलीनं तर तिला आपल्या शेजारी बसवलं आणि दुसऱ्या दिवशी ते खणखणीत आवाजात सांगितलं. चांगलं काम करायला मुलांना हाताशी गरजू माणूस लागतो, आणि आमच्याकडे तो आयताच होता. मला मात्र तेव्हा फक्त टाळ्या ऐकू येत होत्या. मी व्हिडिओ काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली. सर म्हणाले, “म्याडम, लई भारी काम झालं बगा.” मला ते पटलंही होतं.

तिसऱ्या आठवड्यात ती यायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मला राग आला, तिच्या आईबापांचा. यांना पोरीला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवायचं असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. शाळा सुटल्यावर स्कूटी ओढ्याच्या अलीकडे लावली आणि चालत कोपीवर गेले. तिची आई फडावरून येऊन चुलीपुढे बसली होती. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, “बाई, आमी न्हाई अडीवलं. तीच न्हाई म्हनतीया. दोन रट्टे दिले तरी न्हाई म्हनती.”

मुलगी झोळीतल्या बाळाला झोका देत होती. मी तिच्याजवळ बसले.

“कुणी चिडवलं का गं?”

“न्हाई.”

“चपला लपवल्या?”

“न्हाई. आता कुनीच काय करीत न्हाई.”

“मग?”

“रोज उबं ऱ्हावं लागतंय.”

माझ्या लक्षात येईना. तिनं झोका थांबवला.

“पेन्सल दिली की उबी ऱ्हा. लाडू दिला की उबी ऱ्हा. समदी टाळ्या वाजीवत्यात आन् माज्याकडं बगत्यात.”

मला लाज वाटली. चपला फेकणाऱ्या मुलांना मी ओरडले होते. हे तर मीच रोज प्रतिज्ञेनंतर, सगळी शाळा हात बांधून बसलेली असताना, करून घेत होते. तिला आम्ही कोपी म्हणायचं सोडलं होतं, पण तिची कोपी कुणाला विसरू दिली नव्हती.

“उद्यापासून ते बंद,” मी म्हणाले.

ती खाली बघत म्हणाली, “म्या बी हात वर केलता, बाई. दोनदा.”

“कशाला?”

“चांगलं काम सांगाया. तुमी म्हनला, तू बस, तुजं नाव येतंयच आता.”

मी असं म्हणाले असणार. मला आठवतही नाही, इतकं सहज म्हणाले असणार.

“काय सांगायचं होतं तुला?”

“त्या अंगनवाडीतल्या पोराला म्या वड्यातनं कडंवर आनते.”

आमच्याच आवारात अंगणवाडी आहे. तिच्या कडेवरचं पोर मी रोज बघत होते. “तो तुझा भाऊ ना?”

“न्हाई. माजा भाऊ ह्यो,” तिनं झोळीकडे बोट केलं. “ते पल्याडच्या मळ्यातलं हाय. त्याची आई कांदं लावाया जाती. पान्याला भितंय ते.”

“मग हे तीन दिवस त्याला कोण आणतंय?”

“मीच.” तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “फाटकापोतर सोडते आन् येते माघारी.”

म्हणजे तीन दिवस ती शाळेच्या दारात येऊन परत जात होती, आणि त्याच वेळी आत मी टाळ्यांचा ठेका धरून देत होते.

दुसऱ्या दिवशी घंटेआधी मी फाटकाशी थांबले. ती आली. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत ओले. तिनं पोराला खाली उतरवलं, ओढणीनं त्याचं नाक पुसलं, अंगणवाडीच्या दाराकडे त्याला हलकेच ढकललं. मग फाटकाच्या बाहेरूनच मला विचारलं,

“बाई, आज उबं करनार का?”

मी नाही म्हणाले. मग ती आत आली.